पाकिटावरचा पत्ता

माझी भाची नाशकात एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. मध्यंतरी एका रविवारी घरी आली ती गप्पगप्पच. जेवणं झाल्यावर खोदून विचारलं, तेव्हा हळूहळू बोलली. अभ्यासिकेचं वाय-फाय सांभाळणारा मुलगा चारचौघांत हसत म्हणाला होता, “इथं कोण काय बघतं ते आम्हाला सगळं कळतं.” आणि तिच्याकडे बघून त्याने बायकांच्या आजाराची माहिती देणाऱ्या एका वेबसाइटचं नाव घेतलं. दोघं-तिघं हसले. दुसऱ्या दिवसापासून तिने तिथं जाणं बंद केलं.

“मामू, मी तर इन्कॉग्निटोमध्ये बघत होते. साइटला कुलपाचं चिन्हही होतं. मग त्याला कळलं कसं?”

तिचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. पाकीट बंद होतं, पण पाकिटावरचा पत्ता उघडा होता. मात्र हे वाक्य नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. आणि योगायोग असा की, ही गोष्ट सुरू होते आपल्या नाशिक रोडपासूनच.

नाशिक रोडचं कार्ड आणि पाकीट

भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा. गरिबाला परवडेल असं टपालाचं ते पहिलं साधन होतं. पण त्याला झाकण नव्हतं. पोस्टमनपासून शेजारच्या पोरापर्यंत ज्याच्या हाती पडेल तो वाचणार. म्हणून लोकांनी कार्डावर काय लिहायचं आणि काय नाही याचे अलिखित नियम करून टाकले होते. खुशाली, पोहोच, लग्नाची तारीख, मयताची खबर हे कार्डावर. कर्ज, भांडण, मुलीची सासरची कैफियत हे बंद पाकिटात. आमच्या घरी आलेल्या पत्रांच्या माथ्यावर ७८६ असायचं, खाली सर्वांना सलाम आणि दुवा. ज्या पत्रात खरंच काही सांगायचं असेल, ते नेहमी पाकिटातून यायचं. अम्मीला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण कार्ड आणि पाकीट यातला फरक तिला पक्का ठाऊक होता. पाकीट आलं की ती ते उशीखाली ठेवायची आणि अब्बा घरी येईपर्यंत कुणाच्या हाती देत नसे.

ब्रिटिश भारताची टपाल तिकिटं बराच काळ लंडनच्या दे ला रू कंपनीत छापली जात. १९२५ च्या सुमारास नाशिक रोडला सरकारी छापखाना उभा राहिला, तोच आजचा इंडिया सिक्युरिटी प्रेस. त्यानंतर टपाल तिकिटं, कार्डं, पाकिटं इथं छापली जाऊ लागली. म्हणजे देशभरातल्या कोट्यवधी लोकांचं गुपित ज्या कागदात बंद होऊन प्रवास करत होतं, तो कागद आपल्या गावातून निघत होता.

बंद पाकिटातही एक गोष्ट मात्र उघडी राहते, ती म्हणजे पत्ता. तो झाकला तर पत्र पोहोचणार कसं? मजकूर तुमचा, पण पत्ता टपालखात्याला वाचावाच लागतो. गल्लीतल्या पोस्टमनला कुणाच्या घरी कोर्टाचं पाकीट आलं, कुणाला आखाती देशातून पत्र येतं, कुणाच्या मुलीला दर आठवड्याला एकाच अक्षरातलं पाकीट येतं, हे न फोडताही कळायचं. बहुतेक पोस्टमन भले होते, त्यांनी ते पोटात ठेवलं. पण आपली अब्रू त्यांच्या भलेपणावर अवलंबून होती, कागदावर नाही.

पाकीट फोडण्याचा हक्क

ज्या सरकारने पाकीट छापलं, त्याने ते फोडण्याचा अधिकारही स्वतःकडे ठेवला. १८८५ च्या तार कायद्यात आणि १८९८ च्या टपाल कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेच्या नावाखाली तार आणि टपाल अडवण्याची तरतूद होती. १८९७ च्या प्लेगनंतर पुण्यात रँडचा खून झाला होता, टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला होता. नाशिकनेही असा काळ पाहिला. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९१० मध्ये, नवा प्रेस कायदा लागू झाला. गोळी एक जण झाडतो आणि संशय सगळ्यांच्या कागदपत्रांवर येतो, हा त्या काळचा धडा.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, पण कायदे राहिले. १९८६ मध्ये टपाल अडवण्याचे अधिकार आणखी वाढवणारं दुरुस्ती विधेयक संसदेने मंजूर केलं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. विधेयक तसंच पडून राहिलं. सामान्य माणसाच्या पत्रासाठी राष्ट्रपती भवनाने असं मौन धरल्याची ही घटना आज फार कमी लोकांना आठवते.

टेलिफोनचा मामला कोर्टात गेला. मुंबईच्या कॉरोनरच्या लाच प्रकरणात, म्हणजे आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून मान्य केलं. पुढे १९९६ च्या पीयूसीएल खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की, फोन ऐकणं हा खासगीपणावरचा घाला आहे. त्यासाठी गृहसचिवाचा लेखी आदेश हवा, त्याला मुदत हवी आणि त्यावर समितीची नजर हवी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक सुरक्षेचा किंवा आणीबाणीचा प्रश्न तिथं नव्हताच. १८९८ चा टपाल कायदा जाऊन आता २०२३ चा कायदा आला, जो जून २०२४ पासून लागू आहे. त्यातही पाकीट अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार कायम आहे.

या सव्वाशे वर्षांच्या वादात एक गोष्ट लक्षात घ्या. भांडण बहुतेक वेळा मजकुराचं होतं. पत्र कोण उघडणार, फोन कोण ऐकणार? पाकिटावरचा पत्ता कोण टिपून ठेवतो, हा प्रश्न मागेच राहिला.

कॅफेतला पडदा

सार्वजनिक इंटरनेट भारतात आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत, आधी मोजक्या महानगरांत. नाशकात ते आमच्यासारख्यांच्या हाती लागलं ते सायबर कॅफेतून. तासाचे पैसे मोजायचे, लाकडी खोपट्यात बसायचं, ईमेल उघडायचा. निकाल पाहायला, नोकरीचा अर्ज भरायला, सौदीला गेलेल्या भावाशी बोलायला तीच एक जागा होती.

त्या काळात ब्राउझरच्या नेटवर्क सेटिंगशी माझी पहिली ओळख झाली. एका कॅफेवाल्याने सगळ्या संगणकांत ‘मॅन्युअल प्रॉक्सी’ भरून ठेवली होती. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुमची प्रत्येक मागणी आधी त्याच्या संगणकाकडे जाते आणि तिथून पुढे. त्याचा हेतू साधा होता, एकच कनेक्शन दहा जणांत वाटणं. पण तेव्हाच्या बहुतेक वेबसाइट साध्या एचटीटीपीवर चालत, म्हणजे सगळा कारभार पोस्टकार्डाचा. मधल्या माणसाला पत्ताही दिसायचा, मजकूरही, आणि निष्काळजी साइट असेल तर पासवर्डसुद्धा. आम्हाला वाटायचं, खोपट्याचा पडदा ओढला म्हणजे झालं. पडदा होता तो मागून डोकावणाऱ्यासाठी. तारेतून बघणाऱ्याला पडदा नव्हता.

पुढे सरकारने तो पडदाही कमी केला. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ग्राहकाचं ओळखपत्र बंधनकारक केलं, वापराची नोंद किमान वर्षभर ठेवायला सांगितलं, खोपट्याची भिंत साडेचार फुटांहून उंच नको म्हटलं आणि उघड्यावरच्या संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूला वळवायला लावले. स्फोट आणि हल्ल्यांचा काळ नुकताच सरला होता, त्यामुळे कारण समजण्यासारखं होतं. पण निकाल बघायला आलेली मुलगी आणि गुन्हेगार, दोघांचीही नोंद एकाच वहीत होऊ लागली.

कुलूप आलं, पत्ता उघडाच

वेबवर पाकीट आणलं नेटस्केप कंपनीने. १९९५ च्या सुमारास तिने एसएसएल ही कूटबद्ध करण्याची पद्धत बाजारात आणली. आज पत्त्याआधी दिसणारं ‘एचटीटीपीएस’ तिचाच वारस. पण कित्येक वर्षं हे पाकीट फक्त बँका आणि दुकानांपुरतं राहिलं. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक छोटं साधन प्रसिद्ध झालं. ते फायरफॉक्समध्ये बसवलं की, त्याच वाय-फायवर बसलेल्या दुसऱ्याचं फेसबुक खातं एका क्लिकवर उघडता यायचं. करणाऱ्याचा उद्देशच कंपन्यांना लाज आणण्याचा होता. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी पाळतीची कागदपत्रं बाहेर आणली आणि जग खडबडून जागं झालं. डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने फुकट प्रमाणपत्रं सर्वांना खुली केली. मग गल्लीतल्या शाळेच्या साइटलाही कुलूप आलं.

मजकूर झाकला गेला. पण पत्ता?

इंटरनेटवर संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. सुरुवातीला नावं आणि आकडे यांची एकच यादी होती. ती अमेरिकेतल्या एका संस्थेत सांभाळली जाई आणि सगळे तिथून उतरवून घेत. यादी हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना केली. तुम्ही ब्राउझरमध्ये साइटचं नाव टाइप केलं की, तुमचा संगणक आधी एका डीएनएस सर्व्हरला विचारतो, “या नावाचा नंबर काय?” नंबर मिळाला की मग तो साइटकडे जातो. १९८३ मध्ये इंटरनेटवर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या, सगळे ओळखीचे. म्हणून ही विचारणा उघड्या कार्डावर ठेवली गेली. पुढे जग आत आलं तरी कार्ड उघडंच राहिलं.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाने केलं असेल ते एवढंच. वाय-फायला जोडलेला मोबाइल किंवा लॅपटॉप सहसा त्याच राउटरला नाव विचारतो. राउटरमध्ये ती नावं नोंदवली जाऊ शकतात, वेळेसह आणि यंत्राच्या ओळखीसह. आत कोणतं पान वाचलं हे त्याला दिसलं नाही. पण साइटचं नावच जिथं आजार सांगतं, तिथं पान बघायची गरज काय? इन्कॉग्निटोचा इथं उपयोग नाही. ते फक्त आपल्याच यंत्रावरचा इतिहास मागे ठेवत नाही. घरातल्यांपासून लपवतं, तारेपासून नाही. या गैरसमजावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तिने जुनी नोंद नष्ट करण्याची तयारी दाखवली.

सेटिंगमधलं ते बटण

ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एक नवा दस्तऐवज काढला, डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस. कल्पना सोपी होती. नाव विचारायचं कार्डही पाकिटात घालायचं. त्याच वर्षी अँड्रॉइड ९ मध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आलं, त्याची पद्धत थोडी वेगळी पण हेतू तोच. फेब्रुवारी २०२० पासून फायरफॉक्सने अमेरिकेत ते आपोआप चालू केलं, काही महिन्यांत क्रोममध्येही ‘सिक्युअर डीएनएस’ आलं.

यावर वादही झाला. ब्रिटनमधल्या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने २०१९ मध्ये फायरफॉक्सच्या मोझिलाला ‘वर्षातला खलनायक’ ठरवण्यासाठी नामांकन दिलं, टीका झाल्यावर मागे घेतलं. त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. लहान मुलांसाठीची गाळणी आणि बेकायदा साइटवरची बंदी बऱ्याचदा याच उघड्या कार्डावर चालते. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. पत्ता कुणीतरी वाचणारच. आता राउटरवाल्याऐवजी क्लाउडफ्लेअर, गूगल किंवा क्वाडनाइन वाचेल. म्हणजे पोस्टमन बदलला, पोस्टमन गेला नाही. क्वाडनाइन ही ना नफा संस्था २०२१ मध्ये स्वित्झर्लंडला गेली ती खासगीपणाच्या तिथल्या कायद्यासाठी. कुणावर भरवसा ठेवायचा, हा निर्णय मात्र आता तुमच्या हातात आला. आधी तो विचारलाच जात नव्हता.

भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही दोघांनी बसून ते केलं. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली डीएनएसचा भाग आहे. तिथं ‘मॅक्स प्रोटेक्शन’ निवडलं की, बंद पाकिटातून विचारणा जमली नाही तर ब्राउझर थांबतो आणि सांगतो. गुपचूप उघड्या कार्डावर परतत नाही. क्रोममध्ये तेच ‘सिक्युरिटी’खाली आहे. पण तिथं ते ‘आपोआप’वर ठेवलं तर गरजेला जुन्या पद्धतीवर परत जातं, म्हणून पुरवठादार स्वतः निवडावा. ‘एचटीटीपीएस-ओन्ली’ चालू केलं. प्रॉक्सीच्या खिडकीत आपण न भरलेलं काही दिसतं का, तेही पाहिलं. तिथं अनोळखी पत्ता असेल तर कुणीतरी मधे बसलाय असं समजावं. रेल्वे स्टेशनसारख्या ठिकाणच्या वाय-फायचं लॉगिन पान अशा कडक सेटिंगमुळे कधी उघडत नाही. तेवढ्यापुरतं सैल करावं, नंतर पुन्हा लावावं.

तिला हेही सांगितलं की, एवढ्याने सगळं झाकलं जात नाही. साइटशी जोडणी होताना तिचं नाव अजूनही बहुतेक वेळा एकदा उघडपणे जातं. ते झाकण्याची सोय फायरफॉक्समध्ये २०२३ पासून आहे, पण समोरच्या साइटनेही ती स्वीकारावी लागते. आकड्यांचा पत्ता तर दिसतोच. व्हीपीएन घेतलं तर वाय-फायवाला बाजूला होतो, पण सगळा भार व्हीपीएनवाल्यावर जातो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. कुठलंही बटण बुरखा नाही. प्रत्येक बटण एकेक खिडकी लावतं.

लपवायचं काय आहे?

हा प्रश्न हमखास येतो. “काही वाईट करत नाही, तर लपवायचं कशाला?”

भाचीने काय वाईट केलं होतं? तिने आपल्या दुखण्याबद्दल वाचलं. तरी तिची अभ्यासाची जागा गेली. आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावने तर याहून कठोर उत्तर पाहिलंय. सप्टेंबर २००६ च्या स्फोटानंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं. मधली वर्षं कुणी परत केली नाहीत. निर्दोष असणं आणि संशयापासून सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याने काय वाचलं याची अर्धवट यादी हातात आली की, बाकीची कहाणी बघणारा आपल्या मनाने रचतो.

खासगीपणा ही पाश्चात्त्य चैन आहे, असंही म्हटलं जातं. आपल्या बैलबाजारात सौदा रुमालाखाली बोटांनी होत आला. मराठीला करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द कुणी परदेशातून आणून दिले नाहीत. पुट्टास्वामी खटल्यात नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी स्वतंत्र मत लिहिलं. त्यात त्यांनी गृह्यसूत्रांचा आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा दाखला दिला. आणि इस्लाममध्ये दुसऱ्याच्या घरात डोकावणं निषिद्ध आहे, दुसऱ्यांची पत्रं वाचणं हदीसने निंद्य ठरवलंय, हेही नोंदवलं. कुरआनच्या सूरह नूरमध्ये परवानगी आणि सलामाशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये असा हुकूम आहे, सूरह हुजुरातमध्ये टेहळणीची मनाई. आम्ही हे लहानपणी मदरशात पाठ केलं. पण दार म्हणजे लाकडाचंच, असं समजत राहिलो. भाचीच्या दारात तो मुलगा तारेतून आला, सलाम न करता.

नाशिक रोडच्या त्याच छापखान्यात आता ई-पासपोर्ट तयार होतात. त्यातली चिप सहजासहजी बोलत नाही. पुस्तिका उघडून आतल्या पानावर छापलेल्या ओळी यंत्राने वाचल्याशिवाय ती आपली माहिती देत नाही. म्हणजे खिशातल्या पासपोर्टचं गुपित नुसतं जवळून जाणाऱ्याला काढता येऊ नये, याची काळजी सरकारनेही घेतलीय. जे पासपोर्टला कळतं ते अभ्यासिकेलाही कळायला हवं. तिथल्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. राउटर कोणाच्या ताब्यात आहे, त्यात काय नोंदवलं जातं आणि किती दिवस ठेवलं जातं, हेही तिच्याशेजारी लिहिलेलं असावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे, माहिती घेणाऱ्याने आधी सांगावं.

भाची आता दुसऱ्या अभ्यासिकेत जाते. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या काकांना विचारलं, “तुमच्या वाय-फायमध्ये नोंद राहते का?” त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं. पण विचारून सांगतो म्हणाले, आणि दोन दिवसांनी खरोखर विचारून आले. नोंद चालू होती. त्यांनी ती बंद करून घेतली.